ब्रिटनचा पंतप्रधान कोणत्या कायद्याने आला, आणि राजा त्याला काढू शकतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "एका नोट्समध्ये ब्रिटनचे पंतप्रधानपद १७२१ पासून, दुसऱ्यात १९०५ पासून आणि तिसऱ्यात १९३७ पासून असे दिले आहे. खरे कोणते? कोणत्या कायद्याने हे पद निर्माण झाले? आणि नेमणूक राजा करत असेल, तर राजा पंतप्रधानाला काढू शकतो का?"

सत्तावीस वर्षे राज्यशास्त्र शिकवले, त्यातली बरीचशी स्पर्धा परीक्षेच्या मुलांपुढे. हा प्रश्न दरवर्षी एकदा तरी येतोच, आणि विचारणाऱ्याची चूक नसते. आपण भारताच्या घटनेवर वाढलेली माणसे. आपल्याकडे कलम ७४ आणि ७५ उघडले की पंतप्रधान छापील सापडतो. म्हणून तिकडेही कुठेतरी कलम असेल असे वाटते. ते नाही. तिन्ही सालांत काही ना काही खरोखर घडले, पण कायद्याने पद निर्माण करण्याचा प्रसंग त्यांपैकी एकाही साली आला नाही.

मी वर्गात एक सोपी युक्ती सांगतो. हे पद समजून घ्यायचे तर "नेमतो कोण" हे विचारू नका. त्याचे उत्तर तीनशे वर्षे एकच आहे, राजा किंवा राणी. "काढतो कोण" हे विचारा. ते उत्तर दर दोन पिढ्यांनी बदलत गेले आहे आणि पदाचा सगळा इतिहास त्या बदलात आहे.

सुरुवात पैशापासून होते. १६८८ च्या क्रांतीनंतर राजाला सैन्य ठेवायचे आणि कर घ्यायचे तर पार्लमेंटची संमती लागू लागली, आणि ती संमती मुद्दाम थोड्या थोड्या मुदतीची दिली जाई. त्यामुळे १६८९ पासून पार्लमेंट भरले नाही असे एकही वर्ष गेलेले नाही. म्हणजे राजाला असा माणूस हवा, जो दरवर्षी हाउस ऑफ कॉमन्समध्ये उभा राहून खर्च मंजूर करून आणेल. राजवाड्यात कितीही मर्जी असली तरी सभागृहात माणसे जमवता आली नाहीत, तर तो मंत्री राजाच्या कामाचा नाही.

दुसरी गोष्ट खजिन्याची. लॉर्ड हाय ट्रेझरर हे जुने मोठे पद १७१४ नंतर कोणा एकाला दिलेच गेले नाही. त्याचे काम एका मंडळाकडे गेले आणि त्या मंडळाचा पहिला सदस्य म्हणजे फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी. खजिना हातात म्हणजे नेमणुका, निवृत्तिवेतने, कंत्राटे हातात. आजही सत्ताधारी पक्षाच्या मुख्य प्रतोदाचे अधिकृत पद 'पार्लमेंटरी सेक्रेटरी टू द ट्रेझरी' असे आहे. मते गोळा करणारा माणूस खजिन्याच्या पगारावर का, हे आता वेगळे सांगायला नको.

त्याच १७१४ मध्ये हॅनोव्हरचा जॉर्ज पहिला गादीवर आला. त्याला इंग्रजी येत नव्हते म्हणून तो मंत्रिमंडळाच्या बैठकीला बसेना आणि म्हणून पंतप्रधान जन्माला आला, ही गोष्ट आपल्याकडच्या गाइडांत फार लाडकी आहे. तो साधारण १७१७ नंतर बैठकांना यायचा बंद झाला हे खरे. पण मंत्र्यांशी त्याचे फ्रेंचमध्ये चालत असे, आणि पुढचा जॉर्ज दुसरा इंग्रजी बोलत होता, तरी ती खुर्ची पुन्हा राजाची झाली नाही. नुसत्या भाषेवर एवढा डोलारा उभा करू नका.

आता १७२१. आदल्या वर्षी साउथ सी कंपनीच्या शेअरांचा फुगा फुटला होता. दरबारी, मंत्री, उमराव सगळ्यांचे हात त्यात अडकलेले. रॉबर्ट वॉलपोलने ते प्रकरण निस्तरले आणि दरबाराची अब्रू झाकली. त्यावरून लोकांनी त्याला 'पडदा धरणारा' म्हणून हिणवलेही. एप्रिल १७२१ मध्ये तो फर्स्ट लॉर्ड झाला आणि फेब्रुवारी १७४२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ २१ वर्षे, राहिला. एवढा काळ पुढे कोणालाच मिळाला नाही.

त्याचे मर्म एका नकारात आहे. मोठ्या मंत्र्याला उमरावकी मिळाली की तो हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जाई, ती प्रतिष्ठा मानली जाई. वॉलपोलने उमरावकी मुलाला घेऊ दिली आणि स्वतः कॉमन्समध्ये बसून राहिला. पैसा जिथे मंजूर होतो तिथून उठायचे नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

१७२७ मध्ये जॉर्ज पहिला वारला तेव्हा सगळे धरून चालले होते की वॉलपोल गेला. नव्या राजाचा माणूस स्पेन्सर कॉम्प्टन. राजाने त्याला पहिले निवेदन लिहायला सांगितले आणि त्या भल्या माणसाने ते वॉलपोललाच लिहून द्यायला सांगितले, अशी आठवण दरबारातल्यांनी नोंदवून ठेवली आहे. राणी कॅरोलिनने ही गोष्ट राजाच्या नजरेला आणली. त्यात वॉलपोलने राजाच्या खर्चासाठी पार्लमेंटकडून वर्षाला ८ लाख पौंड मंजूर करून आणले. कॉम्प्टन मागे पडला. ज्याला सभागृह चालवता येते त्यालाच ठेवणे राजाच्या सोयीचे असते, हा धडा त्या दिवशी राजवाड्यातही शिकला गेला.

'प्राइम मिनिस्टर' ही त्या काळी शिवी होती. परक्या दरबारातल्या मर्जीतल्या वजिराला लावावा तसा तो शब्द. १७४१ मध्ये वॉलपोलला काढण्याचा ठराव आला तेव्हा काही उमरावांनी लेखी निषेध नोंदवला, की एकमेव किंवा पहिला मंत्री असा कोणी अधिकारी ब्रिटनच्या कायद्याला ठाऊक नाही. वॉलपोलनेही आपण तसे आहोत हे साफ नाकारले. पुढच्या वर्षी चिपनमच्या निवडणूक तक्रारीवरचे मतदान तो हरला आणि राजाची इच्छा नसताना त्याला जावे लागले. धनी राजी, पण सभागृह नाराज, म्हणून मंत्री घरी. माझ्या मते पदाचा खरा वाढदिवस १७२१ चा नसून हा १७४२ चा आहे, पण परीक्षेत हे लिहायच्या भानगडीत पडू नका.

इथे एक आपल्या घरची गोष्ट, कारण मराठीत आपण 'पंतप्रधान' म्हणतो, हिंदीसारखे 'प्रधानमंत्री' नाही. हा शब्द पेशव्यांचा. पहिला बाजीराव पेशवा झाला १७२० मध्ये, वॉलपोलच्या एकच वर्ष आधी. शिक्क्यात धनी शाहू छत्रपतींचे नाव आधी, प्रधानाचे नंतर. शाहू महाराज डिसेंबर १७४९ मध्ये गेले, पुढच्याच वर्षी सांगोल्याला करार झाला आणि कारभार साताऱ्याहून पुण्याला गेला. तरी वस्त्रे मात्र शेवटपर्यंत साताऱ्याहूनच. चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांसाठीसुद्धा वस्त्रे तिथूनच आली. लंडनमध्ये नवा पंतप्रधान राजवाड्यात जातो, त्याला तिकडे 'किसिंग हँड्स' म्हणतात. मी वर्गात त्याला सरळ "वस्त्रे आणायला गेला" म्हणतो, मुलांना चटकन कळते.

साम्य मात्र इथेच संपते. पेशवाई वंशपरंपरेने चालली, आणि गादी व प्रधान यांच्या मध्ये दरवर्षी हिशेब मागणारे तिसरे कोणी नव्हते. रघुनाथरावांना बारभाईंनी दूर केले खरे, पण ते कारस्थान होते. तशी एखादी सभा पुण्यात नित्य भरत नव्हती. लंडनची भरत होती.

अर्थात वॉलपोल पडला म्हणून राजाचा हक्क संपला असे झाले नाही. जॉर्ज तिसरा हट्टी होता. आपला पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ याला त्याने अमेरिकेच्या युद्धात पद सोडू दिले नाही. नॉर्थ गयावया करी, राजा ऐकेना. यॉर्कटाउनच्या पराभवानंतर मार्च १७८२ मध्ये सभागृहातली मते आटली तेव्हा नॉर्थ सुटला. आणि पुढच्याच वर्षी राजाने उट्टे काढले, तेही हिंदुस्थानच्या विधेयकावरून. फॉक्स आणि नॉर्थच्या संयुक्त सरकारने ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आयुक्तांच्या हाती देणारे विधेयक कॉमन्समध्ये मंजूर केले. राजाने लॉर्ड टेंपलमार्फत उमरावांत निरोप पसरवला, की या विधेयकाला मत देणारा माझा मित्र तर नाहीच, त्याला मी शत्रू समजेन. लॉर्ड्सने विधेयक पाडले. डिसेंबर १७८३ मधल्या त्या रात्री दोघा मंत्र्यांना हुकूम गेला: पदाचे शिक्के दुय्यम अधिकाऱ्यांच्या हाती पाठवून द्या, समोरासमोर भेट नको.

त्या जागी आला २४ वर्षांचा धाकटा पिट. कॉमन्समध्ये तो मतामागून मत हरला, तरी हटला नाही, आणि १७८४ च्या निवडणुकीत मोठ्या बहुमताने आला. कसा? लोकांत फॉक्सविषयी राग होता हे एक. दुसरे असे की त्या काळी सरकार निवडणूक हरत नसे. मूठभर मतदारांचे मतदारसंघ खजिन्याच्या पैशाने आणि जमीनदारांच्या शब्दाने भरले जात. राजाने आधी पंतप्रधान नेमायचा आणि मग त्या पंतप्रधानाने बहुमत घडवायचे, असा उलटा क्रम.

हा क्रम १८३२ च्या सुधारणा कायद्याने मोडला. ओसाड मतदारसंघ गेले, मतदार वाढले. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १८३४ मध्ये, राजा विल्यम चौथ्याने पंतप्रधान मेलबर्नला घरी बसवले. रॉबर्ट पील तेव्हा इटलीत होता, त्याला तिथून बोलावून आणेपर्यंत वेलिंग्टनने एकट्याने कारभार ओढला. पीलने निवडणूक घेतली, जागा वाढल्या, बहुमत काही मिळाले नाही. एप्रिल १८३५ मध्ये त्याने राजीनामा दिला आणि राजाला त्याच मेलबर्नला परत बोलावावे लागले. ब्रिटनच्या राजाने पंतप्रधानाला काढल्याची ही शेवटची खेप. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे: राजाचा तो अधिकार कोणी कायदा करून काढून घेतला नाही. राजाने तो वापरून पाहिला, पण आपला माणूस त्याला निवडून आणता आला नाही.

पुढचे टप्पे भराभर सांगतो. १८४१ मध्ये सत्तेतला पक्ष मतदारांनी हरवला आणि विरोधातला पील बहुमताने आला. १८६८ मध्ये डिझरायलीने निवडणुकीचा निकाल पाहूनच राजीनामा दिला, नवे सभागृह भरायची वाट पाहिली नाही. म्हणजे काढणारा आता थेट मतदार. १९२२ मध्ये लॉइड जॉर्जचे सरकार पाडले ते कार्लटन क्लबमध्ये जमलेल्या काँझर्व्हेटिव्ह खासदारांनी. म्हणजे काढणारा पक्ष. १९९० मध्ये थॅचर आणि २०२२ मध्ये जॉन्सन, दोघेही निवडणूक न हरता गेले. लिझ ट्रस तर ४९ दिवसांत. त्यांची नेमणूक एलिझाबेथ राणीने ६ सप्टेंबर २०२२ ला बालमोरलला केली, ८ तारखेला राणी गेल्या. चर्चिलपासून ट्रसपर्यंत १५ पंतप्रधान त्यांच्या काळात झाले. चर्चिल आधीपासूनच पदावर होते, बाकीचे १४ त्यांनी नेमले. काढला एकही नाही.

तुमच्या बाकीच्या सालांकडे येतो. १८७८ च्या बर्लिन तहात डिझरायलीचा उल्लेख 'फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी आणि प्राइम मिनिस्टर' असा आला. हे त्या नावाचे पहिले ठळक सरकारी दर्शन. डिसेंबर १९०५ मध्ये सातव्या एडवर्डने मानाच्या क्रमात पंतप्रधानाला जागा दिली, यॉर्कच्या आर्चबिशपच्या खालोखाल. मेजवानीत कोण कोणाच्या मागे चालणार, एवढाच त्याचा अर्थ. तोवर देश चालवणारा माणूस पंतप्रधान म्हणून त्या यादीतच नव्हता! १९१७ मध्ये चेकर्सची हवेली पंतप्रधानांच्या विश्रांतीसाठी देणगीत मिळाली, त्या कायद्यात हे पदनाम आले. १९३७ च्या कायद्याने पगार ठरला, वर्षाला १०,००० पौंड, आणि त्याच कायद्याने विरोधी पक्षनेत्यालाही २,००० पौंड. कायद्याने पद निर्माण केले नाही. जे पद होतेच त्याला मानपान, बंगला आणि पगार दिला.

डाउनिंग स्ट्रीटच्या १० नंबरच्या दाराचा फोटो मोठा करून पाहा. काळ्या दारावर पत्र टाकायच्या फटीवर पितळी पट्टी आहे, तिच्यावर 'पंतप्रधान' लिहिलेले नाही. 'फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी' लिहिले आहे. जॉर्ज दुसरा हे घर वॉलपोलला खाजगी भेट म्हणून देत होता. तो म्हणाला, मला नको, पदाला द्या. आणि १७३५ मध्ये तिथे राहायला गेला. म्हणून घर पंतप्रधानाचे नसून खजिन्याच्या पहिल्या लॉर्डचे. याची गंमत लॉर्ड सॉल्सबरीच्या वेळी झाली. १८९५ ते १९०२ तो पंतप्रधान होता, पण फर्स्ट लॉर्डचे पद त्याने पुतण्या... नव्हे, भाचा बॅलफोर याला दिले होते. १० नंबरमध्ये भाचा राहायचा आणि पंतप्रधान मामा स्वतःच्या घरी. (मराठीत एक बरे आहे, नाते लपत नाही. इंग्रजी पुस्तकातल्या शब्दावरून पुतण्या की भाचा हे कळायला बॅलफोरची आई शोधावी लागते.)

याच सॉल्सबरीने १८८८ मध्ये भर सभेत दादाभाई नौरोजींना 'काळा माणूस' म्हटले, की इंग्रज मतदार असल्याला निवडून देणार नाहीत. १८९२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे हे जुने प्राध्यापक मध्य फिन्सबरीतून मोजक्या मतांनी निवडून आले आणि कॉमन्समध्ये जाऊन बसले. जिथे पंतप्रधान सॉल्सबरीला स्वतःला पाय ठेवता येत नव्हता, कारण तो उमराव होता.

हा उमरावाचा मुद्दा पुढे कर्झनला नडला. तोच, बंगालच्या फाळणीचा. मे १९२३ मध्ये पंतप्रधान बोनार लॉ घशाच्या कर्करोगाने पायउतार झाला आणि वारस सुचवायला तयार नव्हता. कर्झन सॉमरसेटमधल्या माँटॅक्यूटच्या वाड्यात होता, घरात फोन नाही. राजाच्या सचिवाची, लॉर्ड स्टॅमफर्डमची तार आली: भेटायचे आहे. कर्झनने रात्रभर मनोरे रचले, दुसऱ्या दिवशी गाडीने लंडनला आला. दुपारी स्टॅमफर्डम घरी आला तो हे सांगायला, की राजा बाल्डविनला बोलावतो आहे. मुख्य विरोधी पक्ष आता मजूर पक्ष, लॉर्ड्समध्ये त्याला जवळजवळ माणूसच नाही. मग विरोधकांना उत्तर द्यायला पंतप्रधान कॉमन्समध्ये हवा. हिंदुस्थानात ज्याच्या शब्दावर पाने हलत, त्याला एका सभागृहाने वरिष्ठ असूनही बाद केले. मे १९४० मध्ये लॉर्ड हॅलिफॅक्स, म्हणजे आपल्या गांधी-आयर्विन करारातले आयर्विन, यांनीही हीच अडचण सांगितली आणि चर्चिल आले. तेव्हाही मावळते पंतप्रधान चेंबरलेन सभागृहात २८१ विरुद्ध २०० असे जिंकले होते. आपलीच माणसे फुटली हे आकड्यातून दिसले, म्हणून गेले.

१९६३ मध्ये लॉर्ड होम पंतप्रधान झाले आणि चार दिवसांनी उमरावकी सोडून सर अ‍ॅलेक डग्लस-होम झाले. नोव्हेंबरातली पोटनिवडणूक जिंकेपर्यंत दोन आठवडे देशाचा पंतप्रधान कोणत्याच सभागृहात नव्हता. आपल्याकडे कलम ७५ सहा महिने देते. तिकडे नुसता संकेत, आणि तोही ताणला.

राजाने काढण्याचे प्रयोग इतर राजेशाह्यांतही झाले. डेन्मार्कच्या दहाव्या क्रिस्तियानने १९२० मध्ये जर्मनीच्या सीमेवरच्या फ्लेन्सबर्ग शहराच्या वादात पंतप्रधान कार्ल झाले (Zahle) यांचे सरकार घालवले. सार्वत्रिक संपाची धमकी आली आणि काही दिवसांत राजाने माघार घेतली. ऑस्ट्रेलियात ११ नोव्हेंबर १९७५ ला राणीचे प्रतिनिधी असलेले गव्हर्नर जनरल केर यांनी पंतप्रधान व्हिटलम यांना काढले, आणि ते प्रकरण तिथे अजून धुमसते. स्वीडनने १९७४ च्या घटनेत प्रश्नच मिटवला: पंतप्रधानाचे नाव सभापती सुचवतो, राजाचा संबंध नाही.

तर पेपरात काय करायचे? "ब्रिटनचा पहिला पंतप्रधान" विचारले तर वॉलपोल, १७२१. "पदाला अधिकृत मान्यता केव्हा" असे विचारले आणि पर्यायात १९०५ असेल तर ते, आणि नाव त्याच महिन्यात पंतप्रधान झालेल्या कॅम्पबेल-बॅनरमनचे. १९३७ फक्त पगाराच्या कायद्यासाठी. "कोणत्या कायद्याने पद निर्माण झाले" असा प्रश्न आला आणि "यापैकी नाही" हा पर्याय असेल, तर तोच काळा करा.